रजईतला अल्बम

आमचा जयपुरातला बँड मुळात सॉफ्ट नव्हता. आम्हाला चांगला दणका द्यायचा होता. पण ड्रमवाल्याच्या वडिलांचं जयपुरी रजयांचं दुकान होतं आणि आमची सरावाची जागा म्हणजे त्या दुकानावरचं गोदाम. खाली गिऱ्हाईक बसलेलं असायचं. त्यामुळे ड्रमवर एक रजई, खिडक्यांना रजया, आणि गाणाऱ्या मुलीने, म्हणजे मी, आवाज जरा आवरून लावायचा असं ठरलं. वर्षभराने आम्ही रेकॉर्डिंगला गेलो. तिथे जागरणाची भजनं रेकॉर्ड करणाऱ्या माणसाने आमची दोन गाणी ऐकली आणि हे तर सॉफ्ट रॉक आहे असं जाहीर केलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. कलेला दिशा सापडते म्हणतात, ती आम्हाला अशी सापडली.

आम्ही चौघं होतो. रजईवाला ड्रमर, आदर्श नगरचा एक सिंधी गिटारवाला, चौमूंहून बसने येणारा बेसवाला, आणि विमा कंपनीतल्या मराठी अधिकाऱ्याची मुलगी, जिच्यामुळे बँडला कुठेही चहा मिळायचा. बेसवाल्याची बस चुकली की आम्ही त्याच्याशिवायच वाजवायचो. फरक पडायचा नाही, पण हे त्याला कुणी सांगितलं नाही.

बाबा साताऱ्याचे. बदलीच्या प्रत्येक गावी त्यांची वाजवायची पेटी आधी पोचायची, मग आम्ही. नाट्यगीतापलीकडे जगात संगीत आहे हे त्यांना मान्य होतं, पण ते ऐकायची सक्ती नसावी असं त्यांचं मत होतं. मी गाते याला त्यांची हरकत नव्हती. मी उभी राहून गाते याला होती. "गाणं बसून म्हणतात," ते म्हणायचे. "उभं राहून भाजी घेतात."

मला मात्र एकच हवं होतं. बाबांनी आमचा अल्बम एकदा ऐकावा, मध्ये न उठता. आणि घाई होती, कारण त्या उन्हाळ्यात आईने लोणचं घातलं नव्हतं. आमच्याकडे बदलीची बातमी ऑर्डरच्या आधी बरणीवरून कळायची. ते दोघं जाणार होते, मी कॉलेज संपेपर्यंत हॉस्टेलला राहणार होते, आणि एकदा सामान बांधलं गेलं की माझं गाणं ऐकायला बाबा कुठले परत येतात!

प्रकाशनासाठी आम्ही बरेच हॉल पाहिले आणि कुठलाच परवडला नाही. शेवटी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात जागा मिळाली. बाबा कार्यकारिणीवर होते. त्यांनी शब्द टाकला; अटीही त्यांनीच आणल्या. एक तरी गाणं मराठीत हवं, आणि सतरंजीवर बसून वाजवायचं, कारण देवासमोर बूट घालून उभं राहणं मंडळाला चालणार नव्हतं. माझं मराठी तेव्हा घरच्या दारापर्यंतच चालायचं. तरी मी एक गाणं लिहिलं. त्याच्या धृपदात जाणाऱ्या माणसाला "थांब ना जरा" एवढंच म्हटलं होतं. गिटारवाल्याला ते फार आवडलं. त्याला अर्थ कळत नव्हता.

कार्यक्रमाला नमनालाच घडाभर तेल गेलं. स्वागत झालं, मोदक स्पर्धेचं बक्षीस झालं, मागच्या वर्षीचा हिशोब झाला. आमच्या सीड्या एका परातीत मूर्तीपुढे ठेवल्या होत्या. प्रकाशन म्हणजे पूजा आलीच. मंडळाच्या सगळ्यात जुन्या काकू हळदकुंकवाचा करंडा घेऊन परातीशी बसल्या, आणि थबकल्या. आम्ही मोठ्या हौसेने कव्हर आणि सीडीवरचा स्टिकर दोन्ही काळे केले होते. आम्हाला ते गंभीर वाटलं होतं.

"अगं, काळ्यावर कुंकू लावतात का कुणी?" त्या मला म्हणाल्या.

मी काही बोलायच्या आत त्यांनी उपाय केला. प्रत्येक सीडी कव्हरातून काढली, उलटी केली, आणि त्या चकचकीत बाजूवर, जी त्यांच्या मते उघडच सीडीचं तोंड होती, आधी हळदीचं बोट, मग कुंकवाचं, वर दोन अक्षता. कुंकू गळून पडू नये म्हणून त्यांनी बोट आधी तेलात बुडवलं. मी स्टेजच्या कडेला मांडी घालून बसले होते आणि आमचा पहिला अल्बम माझ्या डोळ्यांदेखत सौभाग्यवती होत होता. गिटारवाला कानात म्हणाला, "मतलब, ये पोंछ देंगे ना बाद में?" मी त्याला सांगितलं की देवापुढचं कुंकू आमच्यात पुसत नाहीत.

आम्ही वाजवलं तेव्हा बाबा मागे प्रसादाची व्यवस्था बघत होते. सगळ्या सीड्या हातोहात गेल्या. लोकांनी त्या कपाळाला लावून घेतल्या. नंतर कित्येक दिवस मंडळातली माणसं भेटली की अल्बम फार छान झाला म्हणायची. जयपुरातल्या एकाही मराठी घरात तो वाजला नाही.

एका घरात मात्र वाजला. ऑर्डर आली होती, सामान खोक्यांत गेलं होतं, प्लेअर शेवटी बांधायचा म्हणून खिडकीत होता. रविवारी सकाळी बाबा बांधलेल्या वळकटीवर बसले आणि त्यांनी ती सीडी लावली. मी पुसून देते म्हटलं तर नको म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. माझ्या हाताला पीठ होतं.

पहिली गाणी कशीबशी गेली. मराठी गाणं लागलं आणि काकूंच्या बोटाशी येऊन अडलं. थांब ना. थांब ना. थांब ना. आई म्हणाली, अडकलंय वाटतं. बाबांनी हात वर करून तिला गप्प केलं. मग काय झालं कोण जाणे, सीडी आपणहून पुढे सरकली आणि शेवटपर्यंत गेली. बाबा उठले नाहीत.

"तीनदा घेतलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "एकदा म्हटल्याने कोण थांबतंय?"

मी खरं सांगणार होते. पण त्यांनी माझ्या गाण्यातल्या जागेबद्दल बोलण्याची ती पहिलीच वेळ होती. मी पोळ्या लाटायला आत गेले आणि तिथे थोडी रडले. दुपारी ट्रक आला.

बँड पुढच्या वर्षी मोडला, भांडण न होता; सॉफ्ट बँड मोडतात तसा. बाबा निवृत्त होऊन साताऱ्याला गेले. मी नोकरीपायी दिल्लीला. बऱ्याच वर्षांनी गिटारवाल्याने कुठूनतरी मूळ रेकॉर्डिंग शोधून पाठवलं, स्वच्छ, एक ओरखडा नसलेलं. साताऱ्याला गेले तेव्हा निघायच्या दिवशी मी ते मोबाइलवर बाबांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"यातलं काढलंय काहीतरी," ते म्हणाले. "आपली ती कुंकवाची बरी."

कुंकवाची सीडी देवघराच्या खणात होती, पण ती वाजवायला घरात आता काही नव्हतं. मग त्यांनी स्वतःच म्हणून दाखवलं. थांब ना. थांब ना. थांब ना. मधली ती अडखळ त्यांनी ठेक्यात बसवली होती, अगदी पक्की. आवाज कापत होता. आणि ते उभे होते, दाराची चौकट धरून, माझ्या बॅगेशेजारी.

खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी चप्पल पुन्हा काढली, आणि आईने गॅलरीतून त्याला सांगितलं की अजून वेळ आहे.