पाठीमागचे हात

नावेच्या बॅटरीचा मीटर बनवायचं काम आम्हा विद्यार्थ्यांना एका कंपनीने दिलं होतं. तिच्यातर्फे एक सर दर शनिवारी मार्गदर्शनाला विद्यापीठात येत. रामघाटावरचे, हिंदी मुलखातही घरी मराठी बोलणारे. आमचं काम बघताना त्यांचे हात कायम पाठीमागे. मला तो साहेबी तोरा वाटे.

"सर, एवढं तुम्हीच करून द्या ना."

"मी करीन, मग तू क्या सीखेगी गं?"

शेवटच्या चाचणीला कंपनीचे मोठे साहेब नावेत बसले आणि मीटर बंद पडला. चाचणी फसली असती तर काम रद्दच झालं असतं. सुटलेली तार सरांना दिसली होती, हे मला नंतर कळलं. त्यांची नजर तिथेच अडली होती. हात मात्र पाठीमागेच.

"घाई नको. आराम से बघ."

तार मलाच सापडली. मीटर चालू झाला.

घाटावर उतरताना सरांनी आधाराला हात पुढे केला. तळव्यावर त्यांच्याच नखांच्या लाल खुणा होत्या.