उंदरांना कावीळ लावणारे काका

जगातली कुठलीही गोष्ट यकृतापर्यंत नेऊन पोचवणारा असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पेणला आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या काकांची नोकरी रोह्याच्या एका प्रयोगशाळेत. काम म्हणजे उंदरांना 'बी' प्रकारची कावीळ लावायची आणि मग ती बरी करायला धडपडायचं. "उंदराला ही कावीळ मुळात होतच नाही," ते अभिमानाने सांगतात, "फार युक्तीने लावावी लागते." मग लावायचीच कशाला, असं माझ्या बायकोने एकदा विचारलं, तेव्हा पुढे कितीतरी दिवस काका आमच्याकडे चहाला फिरकले नाहीत. उंदरांना ते 'मंडळी' म्हणतात. मंडळींनी खाल्लं नाही तर काकांनाही घास जात नाही. गणपतीच्या कारखान्यात गेले, की मूर्ती सोडून पायाशी बसलेला उंदीर न्याहाळतात. एकदा पिवळट रंगाचा एक उंदीर बघून "याचं यकृत तपासायला हवं" म्हणाले. कारखानदाराने तो मुकाट्याने पांढरा करून टाकला.

काकांचा खास जिव्हाळा इंटरफेरॉन नावाच्या औषधावर. शरीरातल्या राखणदार पेशी विषाणूशी झुंजून झुंजून थकतात, पुढे तो समोर दिसला तरी गप्प बसतात. इंटरफेरॉन टोचलं की त्या पुन्हा कामाला लागतात, हे त्यांनी मला कासू गावच्या एका लग्नात, पंगतीत जिलेबी फिरत असताना समजावलं.

"सगळ्या?" मी विचारलं.

"काही," ते म्हणाले, आणि त्यांनी जिलेबीला हात आडवा केला.

आणि मग धरमतरच्या बाजूला दिलेल्या माझ्या बहिणीच्या रक्तात हाच आजार निघाला. डॉक्टरांनी तिला रोजची गोळी दिली, घरच्यांना लस घ्यायला सांगितली. इंटरफेरॉन दिलं नाही म्हणून काका डॉक्टरांवर रुसले ते वेगळंच. पण तिच्या सासूने तिचं ताट-पेला वेगळा काढला आणि ती पडवीत एकटी जेवू लागली. मी काकांना तिकडे घेऊन गेलो. हा आजार रक्तातून पसरतो, जेवणातून नाही, हे त्यांनी मंडळींचे दाखले देत सविस्तर सांगितलं. सासूने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचे उंदीर शिकलेले असतील," ती म्हणाली. "आमाला भीती वाटते."

काका उठून पडवीत गेले, जेवत बसलेल्या बहिणीसमोर मांडी घातली आणि तिच्याच ताटातला भात कालवून खाऊ लागले.

"अवो, उष्टं हाय ते," सासू म्हणाली.

"व्हय," काका म्हणाले, "पण मीठ कमी हाय."

सासू दारात तशीच उभी राहिली. मग मीठ घेऊन आली, ताटात वाढलं आणि बहिणीला म्हणाली, "आत चल गो. हितं वारा लागतो."

परतताना एसटीची वाट बघत मी म्हटलं, "काका, इतकं बोलण्यापेक्षा हे आधीच करायचं होतं."

"आमचे बाबा ओटीवर एकटेच जेवायचे," काका म्हणाले. "आई लांबून वाढायची. त्यांना काय झालं होतं, ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर ते राहिले नव्हते."

गाडी आली. मी पुढे घुसून त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली.