पट्टीवरचं अकरावं घर

धुळ्यात ऊन फुकट आहे आणि माझ्याकडे वेळही तेवढाच. फोटो स्टुडिओ बंद केला, बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी पुण्याहून रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस मी गच्चीवर कागद काळे करत असतो. शेजारच्या अक्कांना वाटतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. वाटू दे.

ही छपाई जुन्या पद्धतीची. कागदाला मिठाचं पाणी, त्यावर सिल्व्हर नायट्रेट, मग निगेटिव्ह ठेवून काचेखाली उन्हात. कागद आपोआप तपकिरी होत जातो. मला एकच निगेटिव्ह छापायची होती, लग्नानंतर महिन्याभरात मीच काढलेली बायकोची. गावभर लोकांचे फोटो काढले, पण तिचा नीट असा हा एकच. त्याचीच भिंतीवरची, हार घातलेली प्रत आता डाग पडून विटलीय.

पण चेहरा काही जमेना. साडीचे काठ, कानातलं, खुर्चीची नक्षी सगळं यायचं आणि चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा. ऊन जास्त दिलं की साडी काळी. आधी मिठाला दोष दिला, मग कागदाला, मग ढगांना. शेवटी पट्टी मागवली. फिल्मची बोटभर रुंद पट्टी, तिच्यावर एकवीस घरं. पहिलं पारदर्शक, शेवटचं काळंकुट्ट. ती छापली की कागद कुठवर साथ देतो ते कळतं.

तीन दिवस नुसती पट्टीच छापली. पंधराव्या घरापर्यंत छटा स्वच्छ वेगळ्या आल्या. अकराव्या घराचा रंग थेट तिच्या गालाचा होता. म्हणजे कागद बरोबर होता, ऊनही बरोबर होतं. खोट निगेटिव्हमध्ये होती.

भिंग लावलं. चेहऱ्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघाच रेघा, माझ्याच हाताच्या. नवरी गोरी दिसलीच पाहिजे, म्हणून आम्ही स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचो. पेन्सिल लागली की फोटोत तेवढी जागा उजळायची. बायकोला मी जरा जास्तच प्रेमाने गोरं केलं होतं. हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपकेसुद्धा बुजवले होते. ती शिंदखेड्याकडची, अहिराणी बोलणारी. फोटो हातात घेऊन म्हणाली होती, "हाई कोन शे? मी त नही." मला तेव्हा हसू आलं होतं. त्यानंतर ती कधी कॅमेऱ्यासमोर बसली नाही, आणि मीही का ते विचारलं नाही.

कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवला. निगेटिव्ह एकच, ओरखडा पडला असता तर ती दुसऱ्यांदा गेली असती. दुपारभर पुसत होतो, एकेक गाल, मग हनुवटी. बोळे करडे होत गेले.

दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवलं. काचेखाली गाल हळूहळू अकराव्या घराइतका सावळा झाला आणि हनुवटीवर तीन ठिपके आले. मी सवयीने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, वर ये, बघ. खालून अक्कांनी विचारलं, "काय झालं भाऊ?"

मग खाली जाऊन भिंतीवरच्या बाईच्या गळ्यातला हार काढला. चार वर्षं मी तो भलतीलाच घालत होतो.