नकाशाची कोरी बाजू
मार्करच्या शाईचा उग्र वास आला की मला आमचं कॅनडातल्या मिसिसागामधलं डायनिंग टेबल आठवतं आणि अजून डोकं फिरतं. मुलगी तेव्हा पाचवीत होती. एकोणिसाव्या शतकात हा अख्खा खंड होडीतून आणि पायी ओलांडणाऱ्या एका संशोधकाचा, तो अर्ध्या वाटेवर असतानाचा नकाशा तिला करायचा होता. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर तिने पूर्वेकडच्या नद्या काढल्या, पश्चिम मुद्दाम कोरी ठेवली आणि ती स्विमिंगला गेली. तेवढ्यात नवऱ्याने तो कागद पाहिला. “अर्धवट होमवर्क काय द्यायचा? मार्क कापतील!” असं म्हणत, मी अडवेपर्यंत या इंजिनियरने ॲटलास उघडून, पट्टी लावून, जाड मार्करने डोंगर-नद्यांसकट थेट पॅसिफिकपर्यंत रस्ता आखून टाकला. वर हायवेही दाखवला! पोरगी ओल्या केसांनी रडायलाच लागली. “बाबा, ही हॅजन्ट गॉन देअर येट! तो अजून तिथे पोचलाच नाहीये!” हा शांतपणे म्हणाला, “अगं, पण चुकेल ना तो!” मी कपाळाला हात लावला. आता ती सस्काटूनला नोकरी करते. कुठेही निघाली की हा अजून रस्ता आखून मेल करतो, आणि आपण तो उघडतही नाही, असं ती ठणकावून सांगते. या बापलेकीपुढे मी हात टेकलेत. कारण परवा मेल गेला नाही, तर तिचाच घाबराघुबरा फोन, “आई, इज बाबा ओके?”