टेपच्या शेवटची बाई

सई, रोहन,

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, आणि ते तर वकील होते, माझ्या तोंडाकडे बघून पुष्कळ गोष्टी ओळखायचे. तुमच्या बाबालाही नाही. सांगायचंच नाही असं मनाशी ठरलेलं होतं. पण मागच्या महिन्यात सईने फोनवर विचारलं, "आजी, त्या टेपच्या अगदी शेवटी एक बाई बोलते, ती कोण गं?" आणि मी म्हणाले, "काय माहीत. जुन्या टेपांवर असं काहीबाही राहतंच."

मला माहीत आहे ती कोण.

पन्नास वर्षांपूर्वीचं खोटं जुनं होऊन गेलं, असं मी स्वतःला समजावत आले होते. पण हे तर ताजं. ह्या वयात, माझ्या नातीशी, इतक्या सहज? फोन ठेवला आणि मी नेहमीसारखी चहा टाकायला उठले. मला त्याचीच भीती वाटली.

आणि मग सईने तो मजकूर पाठवला — तिच्या पॉडकास्टचा. "आपली बोली रेडिओवर आणणारी माझी आजी." साध्या बायकांचा आवाज जिने सगळ्यांना ऐकवला, वगैरे. मी तो वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत पाठवला. हेसुद्धा मी केलं.

तुमचा बाबा म्हणतो, लिहायचंच आहे तर इंग्रजीत लिही, मुलांना सोपं जाईल. इंग्रजी मला मराठीपेक्षा बरं येतं, कॉन्व्हेंटमध्ये शिकले मी. म्हणूनच नको. इंग्रजीत चूक "झाली" असं फार सुबकपणे लिहिता येतं, ती कुणी केली ते न सांगता. तुम्हाला अडलं तर बाबाकडून वाचून घ्या. त्यालाही कळू दे.

तर — सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी नागपूरच्या रेडिओवर दुपारी बायकांचा कार्यक्रम करायचे. अर्धा तास, नाव "ओसरी". पाककृती, बाळाचं संगोपन, शिवणकाम, कुणा डॉक्टरीणबाईंचं भाषण. धरमपेठेतल्या घरून मी रिक्षाने जायचे, कडक इस्त्रीची साडी नेसून — रेडिओवर साडी कोण बघणार होतं? पण मला तसं आवडायचं. पगाराची आम्हाला गरज नव्हती. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुम्ही माझ्यासाठी काही कारण शोधाल.

एकदा नागपूरजवळच्या खाप्याहून विणकरांच्या घरच्या पाच-सहा बायका गाणी म्हणायला आल्या. त्यांच्यात वेणू पराते होती. तिशीची असेल. गाणी संपली आणि दहा मिनिटं उरली. ठरलेल्या डॉक्टरीणबाई आल्या नव्हत्या. मी घाईघाईने वेणूला म्हटलं, मागाबद्दल बोला काहीतरी. आमच्याकडे कुणी बिनकागदाचं बोलत नसे. आधी लिहून आणायचं, वरून मंजूर करून घ्यायचं, मग वाचायचं. आणि ही बाई मायक्रोफोनकडे बघून, कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली.

"आमी लुगडं इनतो," ती म्हणाली, "नऊवारी, जरीच्या काठाचं. थे कोनाच्या तरी लग्नात जाते. आमाले मात्र आवतन रायत नाही." आणि हसली. काचेपलीकडे आमचे टेप चालवणारे देवराव हसले. मीही हसले. मग ती सांगत गेली — सुताचा रंग हाताला कसा चढतो, सासू रंगावरून भांडण कसं काढते, नवरा मागावर बसला की घरात कुणी शिंकायचं नाही, शिंकलं तर धागा तुटतो आणि मग नवऱ्याची तार सटकते. दहा मिनिटं कशी गेली कळलं नाही.

मला कळलं होतं. मी घड्याळ बघत होते. माझ्या बोलण्याला देवराव कधी असे हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, अशी बाई आपल्याला हवीच होती. "ओसरी"तली दहा मिनिटं तिला देऊ, दर तीन महिन्यांचा करार. फक्त ऑडिशन रीतसर व्हायला हवी. आणि मग म्हणाले — हे शब्द मला आजही तसेच्या तसे आठवतात — "मॅडम, तिला एवढंच सांगा, काल बोलली तशीच बोल. आमच्यासारखं बोलायला जाऊ नको म्हणावं."

हा निरोप माझ्यापाशी दिलेला होता.

वेणू माझ्या घरी आली. खाप्याच्या बसने येऊन, बर्डीच्या बाजारात उतरून पायी चालत. मी तिला चांगल्या कपबशीतून चहा दिला — आणि दिला म्हणून मनात स्वतःची पाठ थोपटली, हेही लिहून ठेवते. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिच्याकडचा माग बंद पडायला आला होता. नवरा कोराडीला वीजकेंद्राच्या बांधकामावर मजुरी बघत होता. तिला तिकडे जायचं नव्हतं. हे काम मिळालं तर नागपुरात खोली घ्यायची, पोरीला इथल्या शाळेत घालायचं — पोरगी हुशार होती. सगळं तिने एका दमात सांगितलं आणि मग विचारलं,

"बाई, तिथं कसं बोलू? माह्यासारखं बोलू का तुमच्यासारखं?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं, साहेबांनी दिलेलं. एका वाक्याचं.

मी म्हणाले, "आमच्यासारखं."

आणि तेवढ्यावर थांबले का? नाही. दीड तास तिला शिकवलं. पुस्तकातला उतारा वाचायला लावला. प्रत्येक "मले" अडवला, प्रत्येक "काहून" खोडला. हात हलवू नका, हसू नका, श्वास ऐकू येतो. ती बिचारी पाढे म्हणावेत तशी "मला, मला, मला" घोकत राहिली. जाताना माझ्या पायाशी वाकली. म्हणाली, "तुमी एवढ्या मोठ्या बाई, काहून करून राहिल्या माह्यासाठी एवढं?"

मी काय म्हणाले असेन? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

ऑडिशनची आमची पद्धत फार न्यायाची होती. उमेदवार आत स्टुडिओत, आम्ही तिघं परीक्षक शेजारच्या खोलीत. मधे भिंत. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. फक्त क्रमांक आणि स्पीकरमधून येणारा आवाज. कुणाची ओळख नको, कुणाची जात-पात नको, म्हणून केलेली पद्धत. वेणूचा क्रमांक सात होता. तिने "नमस्कार" म्हटलं आणि मी ओळखलं. तिने माझ्यासारखा नमस्कार केला होता. माझाच "नमस्कार", पण भीतीने सुकलेला. मग तिने उतारा वाचला. प्रत्येक शब्दावर पाय चाचपून टाकत. चूक एकही नव्हती. जीवही नव्हता.

आमच्यात एक निवृत्त हेडमास्तर होते. ते म्हणाले, "आवाज मोठा गोड आहे हो, पण बाई धास्तावली आहे. तिला आपल्या शब्दांत दोन मिनिटं बोलू द्यायचं का?" आमचे कार्यक्रम अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा मॅडम. बायकांचा कार्यक्रम तुमचा."

दोन मिनिटं. तिला भिंतीपलीकडून कुणी एवढं म्हटलं असतं — बाई, आता तुमच्या मनचं बोला — तर ती पास होती. मला हे माहीत होतं. दोघांनाही ते माहीत नव्हतं, कारण त्यांनी तिला आधी ऐकलेलं नव्हतं. त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं.

मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखाच हवा."

ऐकलंत? किती स्वच्छ वाक्य आहे. त्यात बोट ठेवायला जागा नाही. आणि क्रमांक सातच्या चिठ्ठीवर माझ्या सुवाच्य अक्षरात मी लिहिलं: वाचन कृत्रिम, सहजता नाही, अयोग्य. कृत्रिम! ते कुणी केलं होतं? माझ्या दिवाणखान्यात, चांगल्या कपबशीतून चहा देऊन?

साहेब चकित झाले. म्हणाले, असं कसं झालं? पण समितीचा निर्णय त्यांना फिरवता येत नसे. मग त्या दहा मिनिटांचं काय करायचं? गावाकडच्या बायकांसाठी कुणीतरी हवंच होतं. मी म्हणाले, "मी प्रयत्न करून बघते."

मामीचा जन्म असा झाला. तुमची मामी, जिचा आवाज काढून मी तुम्हाला लहानपणी हसवायचे. "खाप्याची मामी." ती वेणू होती. पण वेणू सगळं समजून हसायची, आणि माझी मामी न समजून हसवायची. तिला प्रेशर कुकरची भीती वाटे, थर्मामीटर ती चमच्यासारखं चाटून बघे. मी वेणूचा आवाज घेतला आणि तिची अक्कल काढून ठेवली. लोकांना फार आवडलं. पत्रांचे गठ्ठे येत. अकरा वर्षं ती मामी चालली.

पहिल्या भागाच्या ध्वनिमुद्रणाला कोरी टेप नव्हती. टेपांची नेहमी टंचाई, जुन्यावरच नवं ध्वनिमुद्रित करायचं. देवराव रॅककडे गेले तर मी आधीच एक टेप काढून पुढे केली. त्यांनी डब्यावरची चिठ्ठी वाचली.

"मॅडम, हे त खाप्यावाल्या बाईची हाय न? लय मस्त बोलली होती थे. पुसू काय?"

"पुसा," मी म्हणाले.

रॅकवर दुसऱ्या टेपा होत्या. पाककृतींच्या होत्या.

आता शेवटचं. हे सगळ्यात कठीण आहे, आणि मघापासून मी ह्याच्याच भोवती फिरते आहे. चार-पाच वर्षांनी मी बर्डीवर पडद्याचं कापड घेत होते. दुकानदाराला भाव विचारला, एवढंच. शेजारून आवाज आला, "बाई?" तिने मला चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखलं. मी तिला ओळखलंच नाही आधी. वाळली होती. केसांत, भुवईत कोराडीची राख. तिथे ठेकेदाराकडे राखेच्या पाट्या उचलत होती. पोरगी सातवीतच थांबली, म्हणाली.

मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर! ती म्हणाली, "कॉलनीतल्या समद्या बाया आयकतेत मामीले. मले इचारतेत, वेणू, हे तुयावानीच कशी बोलते वं? म्या म्हनलं, असन कोनी आमच्या खाप्याची."

म्हणजे तिला कळलं होतं. आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मला झाकलं होतं तिने.

मग जरा जवळ आली. दुकानदाराला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली घेतला — तिने, माझ्यासाठी. "बाई, एक खरं सांगा. माह्यात काय कमी होतं? तुमी शिकवलं तसंच त म्या वाचलं. एक बी शब्द चुकली नाही. मंग काहून?"

ती भांडत नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं पाट्या उचलताना तिने आपल्यातली खोट शोधली असणार, आणि तिला ती सापडत नव्हती, कारण नव्हतीच. मला एक वाक्य बोलायचं होतं. वेणू, तुझ्यात काही कमी नव्हतं. काम परत मिळालं नसतं, पोरीची शाळा परत आली नसती. पण ती खोट शोधायची तरी थांबली असती ना?

मी म्हणाले, "निर्णय समितीचा होता. माझ्या एकटीच्या हातात काही नव्हतं."

तिने मान हलवली. "तसं असन," म्हणाली. मी कापड मोजून घेतलं आणि रिक्षात बसले. त्यानंतर मामी आणखी सहा-सात वर्षं चालली. बर्डीवरून कोराडीची बस तासाच्या आत पोचते. मी एकदाही गेले नाही. वेणू आज आहे की नाही, मला माहीत नाही. तिच्या पोरीचं नावही मी विचारलं नव्हतं.

सई, पॉडकास्टचा तो भाग तू कर किंवा करू नकोस, मी काही म्हणणार नाही. तो मजकूर मी दुरुस्त करून पाठवला होता, तेव्हा जे म्हणायचं ते माझं म्हणून झालं.

नोकरी सोडताना देवरावांनी मामीच्या पहिल्या भागाची टेप मला आठवण म्हणून दिली. तीच तुमच्या बाबाने कॉम्प्युटरवर घेतली. माझा तो भाग ठरल्यापेक्षा थोडा आधी संपला होता, म्हणून शेवटचा तुकडा पुसायचा राहिला. वेणूला वाटलं होतं मशीन बंद झालं. ती विचारते, "झालं का बाई? मले त वाटलं, आता कुठं सुरू झालं." मग ती हसते, आणि टेप संपते.

मूळ टेप माझ्या लोखंडी कपाटात, मधल्या खणात आहे. तिच्यावर एकोणीस सेकंद वेणू परातेचा आवाज आहे. बाकीचा सगळा माझा आहे.