पिवळे इशारे

लातूरच्या क्लासेसच्या भागातल्या एका खाजगी दवाखान्यात मी फार्मासिस्ट होते. तिथं नवं सॉफ्टवेअर आलं. डॉक्टरांनी औषध लिहिलं की रुग्णाच्या आधीच्या औषधांशी त्याचं जमतं का, हे ते बघायचं. जमत नसेल तर पडद्यावर इशारा यायचा. मोठा धोका असला तर लाल, मधला असला तर पिवळा. कोणते इशारे दाखवायचे ते ठरवायचं काम माझ्याकडं आलं.

महिन्याभरातच डॉक्टर वैतागले. क्लासची तापलेली पोरं ओपीडीत रांगेनं बसलेली, आणि साध्या पित्ताच्या गोळीलाही पिवळी चौकट उघडायची. सगळे न वाचताच ती बंद करायचे. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून लाल तेवढे ठेवायला सांगितलं. त्याआधी औषधांची एकेक जोडी तपासून कोणता पिवळा ठेवायलाच हवा, ते ठरवायला हवं होतं. मी दोन दिवस यादी चाळली, ती संपेना. शेवटी सगळे पिवळे एकदमच बंद केले. सगळे खूश झाले, मीही.

दवाखान्यामागं एक मावशी पोरांची खानावळ चालवायची. भूकंपात तिचं सगळं घर गेलं होतं. तान्ही लेक घेऊन ती लातुरात आली, ती इथलीच झाली. हृदयाची झडप बदलल्यापासून तिला रोज रक्त पातळ करायची गोळी होती. लघवीला जळजळ होते म्हणून ती आली, तेव्हा डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं. काउंटरवर तिनं रोजच्या गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढं धरली.

"बाई, ही नवी गोळी हिच्यासंगं चालती का?"

मी पडद्याकडं बघितलं. काहीच नव्हतं.

"चालते, मावशी."

या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की रक्त जास्तच पातळ होतं; कॉलेजात ही जोडी मी पाठ केली होती. त्या वेळी आठवली नाही असं म्हणता येत नाही. मी आठवून बघितलंच नाही.

आठव्या दिवशी तिला उचलून आणलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती गेली. मी तिची नोंद उघडली. न दाखवलेल्या इशाऱ्यांत या दोन गोळ्यांचा पिवळा इशारा होता. मोठ्या डॉक्टरांना दाखवला. अशा रुग्णात हे एरवीही होऊ शकतं, नक्की काहीच सांगता येत नाही, असं ते म्हणाले. तेही खरंच होतं.

महिन्यानं लेक कागदपत्रं न्यायला आली.

"आई म्हणली होती, बाईंला विचारून घेतलंय. तुम्हीच का त्या?"

"हो."

ती थांबली. मी कागद तिच्यापुढं सरकवले, सही कुठं करायची ते दाखवलं. कागद पिशवीत घालून ती गेली.

मी पिवळे इशारे परत चालू केले. पंधरा दिवसांत तक्रारी झाल्या, सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसानं येऊन ते बंद केले आणि इशारे ठरवायचा अधिकारही माझ्याकडून काढून घेतला. पुढं मी नांदेडला नोकरी धरली. तिथंही तसंच सॉफ्टवेअर होतं, तसेच वैतागलेले डॉक्टर. इशारे कमी करायची बैठक झाली तेव्हा मी खोलीत होते. बोलले नाही.