दारावर चपडा

रविवारी पेणहून बहिणीला बघायला माणसं येणार होती आणि आमच्या स्वयंपाकघराचं दार बाबांच्या अक्षरांनी भरलं होतं. बाबांनी रोह्याच्या एका कंपनीत आयुष्यभर शिफ्ट केल्या. शिफ्ट संपली की घडलेलं सगळं वहीत लिहायचं, पुढचा माणूस ते वाचूनच चार्ज घेणार, ही तिथली रीत. हल्ली ते विसरतात, म्हणून दारावर जाड मार्करने लिहून ठेवतात. 'बीपीची गोळी घेतली.' 'जेवण झालं.' ते वाचणारा पुढचा माणूसही तेच.

सरळ सांगतो, मला त्या दाराची लाज वाटत होती. बुधवारी मी त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटचा हात मारला. सकाळी 'जेवण झालं' जांभळट होऊन वर आलं. दुसरा हात दिला, तरी 'गोळी' दिसतच होती. दर दहा मिनिटांनी उठून मी दार बघत होतो. शेवटी आई वैतागली, "बस रे एका जागी, माझं डोकं फिरवलंस."

शुक्रवारी रोह्याला लागूनच्या अष्टमी गावातल्या रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "रंगावर रंग चोपडून काय व्हनार नाय. शाई वर येनारच. खरवड आनि आधी चपडा मार." त्याने लाखेच्या पातळ पिवळ्या कपच्या पुडीत बांधून दिल्या. त्या स्पिरिटमध्ये भिजत घालायच्या होत्या. विरघळेपर्यंत मला कुठला धीर! बाटली हलवून हलवून मनगट दुखलं. शनिवारी दार खरवडून चपड्याचे दोन हात दिले, वर पांढरा रंग. एक अक्षर वर आलं नाही.

पाहुणे आले, पोहे खाऊन, कळवतो म्हणून गेले. तोवर बाबा छान बोलत होते. मग आम्ही जेवलो आणि ते दारासमोर जाऊन उभे राहिले. त्यावर हात फिरवला. दाराची मागची बाजूही पाहिली.

"आधीच्या शिफ्टवाल्यानं कायच लिवलं नाय," ते मला म्हणाले. "मी जेवलो काय नाय? चार्ज कसा घेऊ?"

"जेवलात हो आत्ताच," आई म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण हलले नाहीत. मार्कर मीच कपाटावर लपवला होता. तो काढला आणि त्या कोऱ्या दारावर लिहिलं, 'बाबा जेवले.'

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"खाली सही कर," म्हणाले. "जबाबदारी कोनाची, ते कळाया नको?"